कलमासमोरची खुर्ची

गजभिये मॅडमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती पाच खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर आपण होऊन बसायची कोणाची टाप नव्हती. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराजवळची म्हणून मी नेमकी तीच ओढली. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमच्यावर अजून कुठलं विधेयक आलेलं नाही. इकडे बसा."

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर माझं ऑफिस आहे. दुसऱ्या मजल्यावर त्या आणि मालतीबाई राहायच्या. मी दिवाणी कोर्टातला वकील. सामाईक भिंतीवरून, नळावरून, जिन्याखालच्या जागेवरून भांडणाऱ्या माणसांवर माझं पोट चालतं आणि पुण्यात ते उत्तम चालतं. मॅडम निवृत्त होईपर्यंत मुंबईला होत्या, सरकारच्या कायद्यांचे मसुदे तपासायच्या कामावर. कुठल्या खात्याला नवा कायदा करायचा असला की त्याचा मसुदा यांच्या टेबलावर यायचा. संविधानाच्या तिसऱ्या भागात तुमचे-माझे मूलभूत अधिकार लिहिले आहेत. त्यांना हा नवा कायदा कुठे धक्का लावतो का, एवढंच त्यांनी बघायचं. सोमवारी पहाटे जायच्या आणि शुक्रवारी रात्री पुण्याला परत यायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची हिंमत पेठेतल्या बायकांनाही झाली नाही, यावरून काय ते समजा.

निवृत्त झाल्यावर माणसं हास्यक्लबात जाऊन कारण नसताना हसतात. या बाईंनी तेच जुनं काम घरी सुरू केलं, तेही कोणी सांगितलेलं नसताना. सरकार एखाद्या विधेयकाचा मसुदा जाहीर करतं आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवतं. त्या जाहिराती आपण सगळे पान उलटताना ओलांडतो. मॅडम एकही सोडायच्या नाहीत. रविवारी सकाळी तीन-चार जणांना बोलवायचं, मसुदा अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचायचा, आणि जिथे पाणी मुरतंय तिथे हरकत लिहून पाठवायची. मला बोलावलं ते माझ्या हुशारीसाठी नव्हे. "तुमचा आवाज मोठा आहे, वाचायला बरा," असं तोंडावर सांगून बोलावलं. खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी पल्लवी यायची, ती हरकत टाइप करून ईमेलनं पाठवायची. आणि मालतीबाई. त्या शाळेत गणित शिकवायच्या. कायद्यातलं मला काही कळत नाही, असं म्हणून सगळ्यात अवघड प्रश्न त्याच विचारायच्या.

मॅडम ठेंगण्या, सावळ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. पेनानं त्या मसुद्यावर कधी खूण करत नसत. "आपलंही चुकू शकतं, खोडता आलं पाहिजे," म्हणायच्या. पेन्सिलला टोक ब्लेडनं काढायच्या, आणि ते काढून होईपर्यंत वाचन सुरू व्हायचं नाही. मला आधी या सगळ्याचा वैताग यायचा. रविवारची सकाळ, घरी पोहे निवतायत, आणि इथे एका पेन्सिलीसाठी चार शिकलेली माणसं गप्प बसलेली. एकदा मी म्हटलं, जरा भराभर घेऊ या का. त्या म्हणाल्या, "आपण घाई करायची नाही. कायदा लागू होताना करतोच."

आता त्या खुर्चीबद्दल. प्रत्येक विधेयक वाचताना मॅडमचा पहिला प्रश्न एकच असायचा: "हे कोणाच्या दारात जाऊन उभं राहणार?" ज्याच्या दारात जाणार तो माणूस त्या खुर्चीत बसायचा. मिळाला तर खराखुरा, नाही मिळाला तर खुर्ची रिकामी ठेवून तो तिथे आहे असं धरायचं. मग कलम त्या खुर्चीकडे तोंड करून वाचायचं. कागदाकडे बघत पुटपुटलेलं त्यांना चालायचं नाही. आणि वाचायच्या आधी "बसा" म्हणायचं, खुर्ची रिकामी असली तरी. खुर्चीतल्या माणसानं कायद्यावर वाद घालायचा नाही. त्यानं फक्त सांगायचं की असं झालं तर माझ्या घरी काय होईल. अधिकाराचं कलम शोधणं हे आमचं काम.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांबद्दलच्या एका मसुद्याच्या वेळी त्यांनी लोणी काळभोरहून एका उसाच्या रसवाल्याला बोलावलं होतं. सोलापूर रस्त्याला त्याचा गाडा. बिचारा नवा शर्ट घालून आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. मी माझ्या मोठ्या आवाजात कलम वाचलं: सक्षम अधिकाऱ्यास सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास तो कोणतेही वाहन, गाडा किंवा साहित्य पूर्वसूचनेशिवाय हलवू शकेल. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "म्याडम, मला ह्यातलं काय बी कळंना. पर गाडा न्हेला तर चरक बी त्याच्यावरच हाय. मंग सकाळी मी उठून करू काय, तेवढं इच्यारा त्यास्नी." मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं हरकतीत घातलं. पल्लवी म्हणाली, "मॅडम, थोडं फॉर्मल करू या ना? ऑफिशियल डॉक्युमेंट आहे." त्या म्हणाल्या, "कलम त्यांनी फॉर्मल लिहिलंच आहे. एका बाजूनं तेवढं पुरे."

आणखी एक नियम होता, आणि तो मी स्वतः भोगलाय. ज्याच्या दारात कलम जातं त्यानं त्या कलमापुरती पेन्सिल धरायची नाही. वकिलांच्या वर्तनाबद्दलचा काहीतरी मसुदा आला. मी बाह्या सरसावून बसलो, म्हटलं आज आपला दिवस. मॅडमनी माझ्या पुढ्यातला कागद शांतपणे उचलला आणि त्या खुर्चीकडे बोट केलं. "अहो, पण यातलं मला सगळ्यात जास्त कळतं," मी म्हटलं. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "स्वतःचं घर जळत असलं की शेजारचं दिसत नाही." ते कलम निकालात निघेपर्यंत, म्हणजे तीन रविवार, मी त्या खुर्चीत बसून पोरासारखं ऐकून घेतलं. पल्लवीला तेव्हा फार आनंद झालेला मी पाहिला.

ही खुर्ची त्यांच्या घरापुरतीच नव्हती. एकदा त्या माझ्या घरी आल्या होत्या, आईला बघायला. मॅडमकडे काम करणाऱ्या हिराबाई आमच्या इमारतीतही चौथ्या मजल्यावर कामाला यायच्या. आमच्या सोसायटीच्या लिफ्टवर नोटीस होती: घरकाम करणाऱ्यांनी लिफ्टचा वापर करू नये, आदेशावरून. नेमके चेअरमन तिथेच उभे. मॅडमनी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा. आपण हिराबाई आहात असं समजा. गुडघे दुखतात, काम चौथ्या मजल्यावर आहे. आता मी वाचते." चेअरमन का बसले हे त्यांना आजवर कळलेलं नाही. पण बसले. नोटीस ऐकून झाल्यावर उठत म्हणाले, "अहो मॅडम, संविधान सगळं काही सोसायटीला लागू होत नाही." "सगळं होत नाही, खरंय," मॅडम म्हणाल्या. "पण खाली सही आपली आहे. ती तरी लागू होते." संध्याकाळी नोटीस नव्हती. चिकटपट्टीचे चार तुकडे मात्र कितीतरी दिवस तिथे होते.

स्वतःबद्दल त्या बोलत नसत. जे कळलं ते मालतीबाईंकडून. मॅडमचे वडील नागपूरकडचे. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढे खडकीला कारखान्यात नोकरीला आले. वडील गेल्यावर कारखान्याचं क्वार्टर सुटलं. मॅडम कायदा शिकत होत्या. पेठेत खोली शोधायच्या. घरमालकीण खोली दाखवायची, नळाची वेळ सांगायची, आणि मग आडनाव विचारायची. आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. "अशा किती खोल्या 'कालच' गेल्या, त्याचा मी हिशेब ठेवायचं सोडून दिलं," मालतीबाई सांगायच्या. त्या तेव्हा वाचनालयात मॅडमच्या शेजारी बसायच्या. एके दिवशी घरी जाऊन वडिलांना म्हणाल्या, उद्यापासून माझ्या खोलीत आणखी एकजण राहणार आहे. वडिलांनी विचारलं, आडनाव काय? मालतीबाई म्हणाल्या, "तिचं ती सांगेल. जागा मी माझ्यातली देतेय." तेव्हापासून त्या दोघी या घरात होत्या. वडील गेल्यावर भाडेपावती मालतीबाईंच्या नावावर झाली. दुसऱ्या नावाची कधी गरज पडली नाही, म्हणून ते कधी लागलं नाही.

खुर्चीचं कारण मात्र मला मॅडमनी स्वतः सांगितलं. एकदाच. पल्लवी मसुदा हातात घेताच म्हणाली होती, "व्याख्या स्किप करू या का? त्यात काय असतं?" ती गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "वकील, मीही हेच केलं होतं."

नोकरीतली सुरुवातीची वर्षं. बंदोबस्ताचा काहीतरी मसुदा होता. त्यांनी एकेक कलम डोळ्यांत तेल घालून तपासलं, अधिकारांशी ताडून पाहिलं आणि विसंगत नाही असा शेरा मारला. व्याख्यांचं कलम तेवढं चाळून सोडलं. व्याख्येनं कोणाचा अधिकार जात नाही, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत. आणि व्याख्येत लिहिलं होतं की निश्चित पत्ता नसलेली कोणतीही व्यक्ती संशयित समजावी. कायदा लागू झाल्यावर कधीतरी एक माणूस त्यांच्या कार्यालयात अर्ज घेऊन आला. स्टोव्ह दुरुस्त करत गावोगाव फिरणारा. त्याला पत्ता नाही म्हणून उचलून आत ठेवलं होतं. तो सुटून येईपर्यंत त्याच्या लोकांनाही तिथून हुसकावलेलं. पालं हलली, आणि बायको-पोरं कुठे गेली ते त्याला सापडेना. "मला म्हणाला, बाई, पालाला पत्ता कसा असंल?" मॅडम सांगत होत्या. "मी त्याला कायदा समजावून सांगितला. चांगला अर्धा तास. तो उभा होता. माझ्यासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, वकील. मी त्याला बसासुद्धा म्हटलं नाही."



मग मालतीबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, उठणं आलं नाही. पलंग आतल्या खोलीत, दाराच्या रेषेत लावला, म्हणजे त्यांना टेबलावरचं ऐकू येईल. रविवार चालूच राहिले. मॅडम मध्येच उठून आत जायच्या, कूस बदलून द्यायच्या, पाण्याचा घोट पाजायच्या आणि येऊन जिथे सोडलं तिथून पुढे वाचायच्या.

जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं विधेयक आलं ते त्या दिवसांत. आमची इमारत जुनीच. घरमालकाचा मुलगा बिल्डरला घेऊन जिन्यात मोजमापं करून गेला होता. मॅडमनी नेहमीप्रमाणे टोक काढलं, आणि नेहमीप्रमाणे व्याख्यांपासून सुरुवात केली. त्या दिवशी वाचायला त्यांनी स्वतःच घेतलं होतं.

"'कुटुंब' म्हणजे," त्या वाचू लागल्या, "भाडेकरूचा पती किंवा पत्नी, त्यांची मुले आणि भाडेकरूचे आई-वडील." पेन्सिल तिथेच थांबली. मग त्यांनी पानं उलटली, एका कलमावर आल्या आणि मनात वाचलं. मी माझ्या प्रतीत ते शोधलं. भाडेकरूच्या मृत्यूनंतर कुटुंबाबाहेरची कोणतीही व्यक्ती जागेत आढळल्यास ती अनधिकृत समजण्यात येईल, आणि सक्षम अधिकारी तिला तत्काळ जागेबाहेर काढू शकेल. अशा आदेशापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक असणार नाही.

पल्लवीला अजून उमगलं नव्हतं. मला उमगलं.

आतून मालतीबाईंचा जड आवाज आला. "विशाखा, का गं थांबलीस?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "खुर्ची बदलतेय."

त्यांनी पेन्सिल माझ्या पुढ्यात ठेवली, उठल्या आणि दाराजवळच्या त्या खुर्चीत जाऊन बसल्या. हात मांडीवर घेतले. रसवाला बसला होता तशाच, टोकावर. "वाचा वकीलसाहेब," म्हणाल्या. "माझ्याकडे बघून."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "बसा" म्हणायचं असतं, ते म्हणालो. मग कलम वाचलं. ते संपल्यावर खुर्चीतल्या माणसानं घरी काय होईल ते सांगायचं असतं. मॅडमनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. दार उघडं होतं. जे सांगायचं त्याची सुरुवात मालतीबाई गेल्यापासून होणार होती, आणि मालतीबाई ऐकत होत्या.

मॅडम अगदी हळू आवाजात बोलल्या. "त्या दिवशी घरात माणसं येतील. त्यांना काय हवं-नको ते मी बघीन, कारण डबे कुठे आहेत ते मलाच माहीत आहे. नंतर तो अधिकारी येईल आणि विचारेल, तुम्ही यांच्या कोण? ते मला सांगता येईल, वकील. पण ते ऐकून घेणं आवश्यक असणार नाही."

आतून मालतीबाई म्हणाल्या, "नीट लिही रे. आकडेमोडीत एक पद सुटलं की सगळं उत्तर चुकतं." मला अरे-तुरे करणाऱ्या त्या एकट्याच. मी मान खाली घालून लिहायला लागलो. डोळे भरून आले होते, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

विधेयकावर विचार करायला नेमलेल्या समितीची सुनावणी पुण्यातच झाली. मालतीबाईंजवळ पल्लवी बसली आणि मी मॅडमना रिक्षानं घेऊन गेलो. समितीच्या अध्यक्षांनी त्यांना लगेच ओळखलं. कधीकाळी त्यांच्याकडून मसुदे तपासून घेतले असणार. उठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिकडे कुठे? पुढे या, तज्ज्ञांमध्ये बसा." मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "आज मी तज्ज्ञ नाही," त्या म्हणाल्या. "व्याख्येतून राहिलेली बाई आहे. कायद्याचं आमचे वकील सांगतील." मी समानतेवर बोललो, जगण्याच्या हक्कावर बोललो, म्हणणं न ऐकता कोणाला घराबाहेर काढता येत नाही यावर बोललो. बरं बोललो असेन. पण अध्यक्ष सगळा वेळ त्यांच्याकडे बघत होते.

त्या थंडीत मालतीबाई गेल्या. घरात माणसं आली. मॅडमनी डबे काढले, चहा केला, जे त्या हळू आवाजात म्हणाल्या होत्या ते सगळं केलं. घरमालकाचा मुलगा येऊन फार गोड बोलून गेला, आणि जाताना खोल्यांवरून नजर फिरवून गेला. विधेयक अजून तसंच होतं. आणि मॅडम त्या दाराजवळच्या खुर्चीतच होत्या. रविवारी तिथेच बसायच्या. बाकीच्या दिवशीही तिथेच जेवायच्या, हे मला हिराबाईंकडून कळलं. नियम त्यांचाच होता: कलम निकालात निघेपर्यंत पेन्सिल धरायची नाही. मी एकदा म्हटलं, आता पुरे करा, तुमच्या जागेवर या. "माझी जागा सध्या हीच आहे," एवढंच म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी विधेयक मंजूर झालं. मी मोबाइलवर मजकूर उघडला, आधी व्याख्या पाहिल्या, आणि या वयात दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. कुटुंबाच्या व्याख्येत शेवटी शब्द आले होते: किंवा भाडेकरूसोबत कायम राहत असलेली व्यक्ती. "मॅडम, घर राहिलं तुमचं," मी दारातूनच म्हटलं.

त्यांनी फोन हातात घेऊन ती ओळ वाचली. एकदा आतल्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतील, रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी बोटानं मजकूर वर सरकवला आणि त्या कलमापाशी आल्या. ते तसंच होतं. कुटुंबाबाहेरची कोणतीही व्यक्ती. ऐकून घेणे आवश्यक असणार नाही.

"मी आत आले," त्या म्हणाल्या. "बाहेर कोण राहिलं?"

"कोण असेल... पोटभाडेकरू, कामावरचा माणूस, जिन्याखाली झोपणारा कोणी. पण मॅडम, कायदा झालाय आता."

"झालेला कायदाही तपासता येतो. कोर्ट तुमचं ना?"

असं म्हणून त्या उठल्या. पदरानं खुर्ची पुसली, टेबलापाशी सरळ करून ठेवली आणि वळसा घालून आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसल्या. माझ्या जागेपुढची पेन्सिल ओढून घेतली. टोक बोथट झालेलं पाहून माझ्याकडे असं बघितलं की मला शाळा आठवली. सोमवारी या, म्हणाल्या. याचिकेचं बघू.

तो सोमवार आला नाही. शनिवारी सकाळी हिराबाईंनी बेल वाजवली, पण दार उघडायला कोणी उठलंच नाही. याचिका मी दाखल केली आहे. तारखा पडतायत.

पण मला मॅडम आठवतात त्या विधेयक मंजूर झाल्याच्या संध्याकाळच्या. मी निघालो होतो, दाराबाहेर वाकून चपला घालत होतो. आत ब्लेडचा आवाज थांबला. मग कागद सरळ केल्याचा. मी मान वर करून पाहिलं. टेबलापाशी त्या एकट्याच होत्या, समोर ती खुर्ची. मी अजून दारात आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. चष्मा नीट बसवून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. एखादा माणूस कितीतरी वेळ उभा राहिला असावा आणि आपल्या आत्ता लक्षात यावं, तशा ओशाळून त्या म्हणाल्या, "बसा ना. आधी बसा."